तांदळाची पोती आणि कर्जाचे रोखे

दि. १८ मे २०२२ रोजी चेन्नई बंदरातून तमिळनाडू सरकारने श्रीलंकेच्या जनतेसाठी पाठविलेले मदतीचे पहिले जहाज कोलंबोकडे निघाले. त्यात ९,००० टन तांदूळ, २०० टन दूध भुकटी आणि जीवरक्षक औषधे होती. त्याच दिवशी परदेशी रोखेधारकांचे ७ कोटी ८० लाख डॉलर व्याज चुकते करण्यासाठी श्रीलंका सरकारला मिळालेली तीस दिवसांची वाढीव मुदत संपली आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच ते राष्ट्र कर्ज थकविणारे ठरले. तेरा वर्षांपूर्वी, २००९ साली, याच दिवशी मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्यावर तेथील प्रदीर्घ यादवी युद्धाचा रक्तरंजित शेवट झाला होता. त्या अखेरच्या पर्वात असंख्य निरपराध तमिळ नागरिक बळी पडले. तमिळनाडूत ती जखम अद्याप भरलेली नाही. तरीही त्याच तमिळनाडूने त्याच दिवशी त्या देशाला तांदूळ पाठविला.

हा केवळ तारखांचा योगायोग होता. परंतु श्रीलंकेच्या अन्नसंकटाचा आणि तिला मिळालेल्या मदतीचा अर्थ समजून घ्यावयाचा तर या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. त्या संकटाला आता काही वर्षे लोटली. कोलंबोतील रांगा ओसरल्या, राष्ट्राध्यक्ष बदलले, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळले. भावनेचा पहिला भर ओसरल्यावरच काही मूलभूत प्रश्नांचा शांतपणे विचार करता येतो. एका सरकारने दुसऱ्या देशाच्या भुकेल्या जनतेला धान्य द्यावे काय? द्यावे तर कोणत्या अटींवर द्यावे? आणि जहाज रवाना केले म्हणजे आपले कर्तव्य संपते काय? हा विचार आमच्या कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. कारण असे प्रसंग पुन्हा येणार आहेत.

पहिला आक्षेप घरचाच आहे. ‘आपल्याच घरात पोरे अर्धपोटी असताना शेजाऱ्याला ताट वाढण्याची ऐट कशाला?’ असे विचारणारे सगळेच दुष्ट नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही लाजिरवाणी वस्तुस्थिती आहे आणि ती झाकून परोपकाराच्या गोष्टी करणे हा दांभिकपणाच होईल. तथापि, ही मुले खुजी राहिली ती देशात धान्य नव्हते म्हणून काय? एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या साठ्यात एकटा तांदूळच ३ कोटी टनांहून अधिक होता. तमिळनाडूने देऊ केलेला सगळा तांदूळ ४०,००० टन, म्हणजे त्या साठ्यातील हजार टनांमागे दीड टनसुद्धा नव्हे. हा तांदूळ कोलंबोला गेला नसता तर तो मेळघाटातल्या बालकाच्या पानात पडला असता, असे मानण्यास कोणताही आधार नाही. कोठार आणि पान यांच्यामध्ये मजुरी, भाव, जमीन, पाणी आणि सरकारी अनास्था यांच्या भिंती उभ्या आहेत. शेजाऱ्याला उपाशी ठेवल्याने त्यांतील एकही भिंत कोसळत नाही.

१९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी २७ कोटी भारतीयांच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला, तो राज्यकर्त्यांच्या उधळपट्टीविरुद्ध होता. शेजारच्या देशातील गरिबांविरुद्ध नव्हता. आज ‘आधी आपले गरीब’ अशी घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण रेशनची व्याप्ती वाढविण्याच्या, रोजगार हमीची मजुरी वाढविण्याच्या बाजूने उभे राहतात, हे एकदा पाहावे. ज्यांना आपले गरीब एरवी आठवतच नाहीत, त्यांना ते परक्या गरिबाच्या तोंडचा घास अडविण्याच्या वेळी मात्र नेमके आठवतात.

तेव्हा धान्य द्यावे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. खरा प्रश्न ते कसे द्यावे हा आहे. आणि या बाबतीत आपल्याला दुसऱ्याचे दाखले शोधण्याची गरज नाही. धान्याची मदत घेणारा देश म्हणून आपण पुष्कळ सोसले आहे.

ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेच्या पी. एल. ४८० या कायद्याखाली भारताने पहिला धान्यकरार केला. अमेरिकेतील शेतकऱ्यांचा विक्री न होणारा गहू तिच्या गोदामांत साठला होता. तो रुपयांच्या मोबदल्यात आपल्याला मिळू लागला. गहू आला, शहरांतील रेशन दुकाने चालली, हे खरे. पण त्या स्वस्त गव्हाने आपल्या शेतकऱ्याचे भाव दबले आणि शेतीकडे दुर्लक्ष करणे राज्यकर्त्यांना परवडू लागले, अशी टीका अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वेळी केली होती. लागोपाठच्या दोन दुष्काळांनंतर १९६६ साली धान्याची आयात १ कोटी टनांच्या घरात गेली, तेव्हा या मदतीचे खरे स्वरूप उघड झाले. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून एकेक महिन्यापुरता गहू सोडण्यास प्रारंभ केला. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने टीका केली की जहाजे रेंगाळत. शेतीधोरण कसे असावे, खतांच्या कारखान्यांत परकीय भांडवलाला कितपत वाव असावा, याचे धडे गव्हाच्या पोत्यांबरोबर येऊ लागले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला, तेही याच दडपणाच्या काळात.

आपल्या वाट्याला अपमान आला. बांगलादेशाच्या वाट्याला त्याहून भयंकर गोष्ट आली. १९७४ साली त्या नवजात देशाने क्यूबाला तागाच्या गोण्या विकल्या. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला पी. एल. ४८० चे धान्य देता येत नाही, या कलमावर बोट ठेवून अमेरिकेने धान्य अडविले. बांगलादेशाने ती निर्यात थांबविली, परंतु करार होऊन धान्य पोहोचेपर्यंत शरद ऋतूतील दुष्काळाने हजारो माणसे गिळली होती. सरकारी आकडा २६,००० चा आहे. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. आणि अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, त्या वर्षी बांगलादेशात दरडोई उपलब्ध असलेले धान्य आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुराने शेतमजुरांचे काम बुडाले, भाव भडकले आणि ज्यांच्या हाती पैसा नव्हता ते मेले. अशा वेळी सरकारपाशी साठा असता तर त्याला भाव आवरता आले असते. नेमका तोच साठा एका परकीय कलमात अडकून पडला होता.

हा अनुभव पदरी असलेल्या भारतावर देण्याची पाळी येते तेव्हा आपण कसे वागतो, हे पाहण्यापूर्वी श्रीलंकेची भूक आली कोठून, ते समजून घेतले पाहिजे. कारण हा देश मुळात भुकेकंगाल नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली तांदळाची शिधावाटप व्यवस्था तेथे दीर्घकाळ टिकली. मोफत शिक्षण, मोफत आरोग्यसेवा आणि हा शिधा यांच्या बळावर त्या लहानशा देशाने साक्षरतेत आणि आयुर्मानात आपल्याला मागे टाकले. १९५३ साली अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी शिध्याच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेला, तेव्हा दि. १२ ऑगस्ट रोजी सारा देश हरताळ पाळून उभा राहिला. मंत्रिमंडळाला आपली बैठक कोलंबो बंदरातील एका ब्रिटिश युद्धनौकेवर घ्यावी लागली आणि ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायके पायउतार झाले.

त्या हरताळाच्या अग्रभागी लंका समसमाज पक्ष होता. या पक्षाशी आपले नाते जुने आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या कमलादेवी चट्टोपाध्याय १९३७ साली त्याच्या निमंत्रणावरून सिलोनच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धने हे त्याचे नेते १९४२ साली तुरुंग फोडून भारतात आले, येथे भूमिगत राहून त्यांनी काम केले आणि १९४३ साली मुंबईत ते पकडले गेले. श्रीलंकेचा प्रश्न हा मराठी समाजवाद्यांना परका विषय नाही, तो याही कारणाने.

१९५३ च्या हरताळाने जे वाचविले ते पुढे टिकले नाही. तेच जयवर्धने १९७७ साली सत्तेवर आले, त्यांनी अर्थव्यवस्था ‘खुली’ केली, शिधा आधी निम्म्या लोकसंख्येपुरता आखडला आणि १९७९ मध्ये तो बंद करून गरिबांच्या हाती ठराविक रकमेची अन्नकुपने दिली. भाव वाढत गेले, कुपनावरचा आकडा तसाच राहिला आणि थोड्याच वर्षांत कुपनाची किंमत निम्म्याहून खाली आली. २०२२ साली संकट कोसळले तेव्हा घरोघर तांदूळ पोहोचविणारी ती जुनी सार्वत्रिक व्यवस्था देशात शिल्लक नव्हती, हे विसरून चालणार नाही.

संकटाची तात्कालिक कारणे सर्वश्रुत आहेत. २०१९ च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणून तिजोरी रिकामी केली. त्याच वर्षीच्या ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि मागून आलेला कोविड यांनी पर्यटन बुडविले. २०२१ च्या मध्यास रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घालण्यात आली. नोव्हेंबरात ती मागे घेतली, तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. परंतु या मूर्खपणाच्या यादीने मूळ दुखणे झाकले जाऊ नये. २००७ पासून हा देश आंतरराष्ट्रीय बाजारात चढ्या व्याजाचे डॉलर रोखे विकत आला होता. डाळ, साखर, गहू, दूध भुकटी, इंधन आणि औषधे परदेशातून आणावी लागणाऱ्या देशात जो डॉलर रोख्यांकडे जातो, तो स्वयंपाकघरातून जातो. २०१९ च्या अखेरीस ७६० कोटी डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी मे २०२२ मध्ये वापरण्याजोगी ५ कोटी डॉलरसुद्धा उरली नव्हती, अशी कबुली अर्थमंत्र्यांनीच दिली.

याच संदर्भात एक हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. जानेवारी २०२२ मध्ये, दुकानांतून दूध भुकटी नाहीशी झालेली असताना, श्रीलंका सरकारने मुदत भरलेल्या रोख्यांचे ५० कोटी डॉलर रोखेधारकांना बिनबोभाट चुकते केले. त्या वेळी तांदळाचा भाव टनाला सुमारे ४०० डॉलर धरला तर त्या रकमेत साडेबारा लाख टन तांदूळ आला असता, म्हणजे त्या देशाच्या जवळजवळ निम्म्या वर्षाच्या खपाइतका. तमिळनाडूचा सारा तांदूळ त्याच्या एकतिसाव्या हिश्शाएवढा. त्याच जानेवारीत आपल्या रिझर्व्ह बँकेने श्रीलंकेला ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदलीची सवलत दिली होती. हेच डॉलर तिकडे गेले असे आम्ही म्हणत नाही; पैशावर खूण नसते. परंतु एका हाताने कर्ज मिळत असताना दुसऱ्या हाताने सावकार भागविला जात होता, हे जमाखर्च पाहणाऱ्या कोणालाही दिसेल. एप्रिलात कर्जफेड स्थगित झाली ती फार उशिरा. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोच्या निर्देशांकानुसार खाद्यपदार्थ वर्षभरापूर्वीच्या मानाने सुमारे ९५ टक्के महागले होते आणि जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सव्वादोन कोटी लोकांच्या त्या देशात ६३ लाख माणसांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती.

आता आपल्या मदतीकडे वळू. २०२२ साली भारताने श्रीलंकेला सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते वेळेवर मिळाले, आणि दुसरे कोणी पुढे येत नसताना मिळाले. त्याचे श्रेय केंद्र सरकारला दिलेच पाहिजे. पण त्यातील फार मोठा भाग उधारीचा होता. मार्चमध्ये स्टेट बँकेमार्फत अन्न, औषधे व जीवनावश्यक वस्तूंसाठी दिलेले १०० कोटी डॉलर हे कर्ज होते आणि त्यातून खरेदी भारतातूनच करावयाची होती. कर्जाने बुडालेल्या देशाच्या आजच्या जेवणाचा खर्च उद्याच्या कर्जात लिहिला गेला. इंधनासाठी, यंत्रसामग्रीसाठी कर्ज समजू शकते. भाताच्या घासावर व्याज लावणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

तमिळनाडूची मदत याहून वेगळी होती. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या अखत्यारीत असल्याने दि. २९ एप्रिल २०२२ रोजी विधानसभेने एकमताने ठराव करून केंद्राची अनुमती मागितली. ४०,००० टन तांदूळ, ५०० टन दूध भुकटी आणि औषधे, अंदाजे खर्च १२३ कोटी रुपये. आणि हे सर्व देणगी म्हणून. आरंभी विचार श्रीलंकेतील तमिळांना मदत पाठविण्याचा होता. परंतु तेथील तमिळ नेत्यांनीच कळविले की, आम्हांला वेगळे काढू नका, द्यावयाचे ते सर्व जनतेला द्या. मुख्यमंत्र्यांनी हे सभागृहात सांगितले आणि मदत साऱ्या देशासाठी गेली. पोत्यांवर ती तमिळनाडूच्या जनतेकडून प्रेमपूर्वक आल्याचे छापले होते. ज्यांच्या आप्तांनी त्याच राजवटीच्या तोफा सोसल्या, त्यांनी सिंहली शेजाऱ्याच्या ताटात आपल्याआधी वाटा मागितला नाही. अन्नाच्या मदतीचे पहिले तत्त्व कोणते, हे कोणत्याही आंतरराष्ट्रीय परिषदेपेक्षा त्यांनी अधिक स्पष्टपणे सांगितले आहे.

याच्या नेमकी उलट बाजूही त्याच वर्षी दिसली. जून २०२२ मध्ये सिलोन विद्युत मंडळाच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे सांगितले की, पवनऊर्जेचा एक प्रकल्प एका भारतीय उद्योगसमूहाला देण्यासाठी भारताच्या पंतप्रधानांनी आग्रह धरल्याचे आपल्याला राष्ट्राध्यक्षांनी सांगितले होते. राष्ट्राध्यक्षांनी ते नाकारले, अध्यक्षांनी विधान मागे घेतले आणि राजीनामा दिला. खरे काय ते आम्ही ठरवू शकत नाही. परंतु ज्या क्षणी पोत्यांच्या मागे ठेक्याची सावली पडल्याचा संशय निर्माण होतो, त्या क्षणी मदतीचे नैतिक मोल घटते. संशय निवारण्याचा एकच मार्ग आहे: मदतीचे आणि उद्योगांच्या करारांचे सर्व कागद दोन्ही देशांच्या संसदांपुढे ठेवणे.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. जगाच्या तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. मे २०२२ मध्ये आपण गव्हाची, सप्टेंबरात तुकडा तांदळाची आणि २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ही शेवटची बंदी सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकली. देशातील भाव आवरण्याचा सरकारचा अधिकार आम्ही मान्य करतो. पण परिणाम काय झाला? ऑगस्ट २०२३ मध्ये तांदळाचे जागतिक भाव पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेले आणि आफ्रिकेतील व आशियातील गरीब आयातदार देश होरपळले. आपल्या शेतकऱ्याच्याही हातचा चढा भाव गेला. बंदीत एक पळवाट ठेवली होती: एखाद्या देशाच्या सरकारने विनंती केली आणि भारत सरकारने अनुमती दिली तर अन्नसुरक्षेसाठी तांदूळ मिळेल. म्हणजे जो तांदूळ काल पैसे देऊन बाजारात मिळत होता, त्यासाठी आज दिल्लीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावयाचे. १९६६ साली वॉशिंग्टनच्या दारात उभे राहताना काय वाटते, हे अनुभवलेल्या राष्ट्राने ही रीत उचलावी, याचा खेद वाटतो.

संकटाचा शेवट कसा झाला, तेही पाहावे. जुलै २०२२ मध्ये जनतेने राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद ताब्यात घेतला. १९५३ च्या मंत्रिमंडळाप्रमाणे राष्ट्राध्यक्षांनाही जहाजाचाच आसरा घ्यावा लागला. गॅसच्या रिकाम्या टाक्या घेऊन रस्त्यावर बसलेल्या कोलंबोच्या स्त्रिया पाहून १९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या गृहिणी आम्हांला आठवल्या. पण उठाव जनतेने केला आणि तडजोड सावकारांनी ठरविली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विजेचे दर वाढले, मूल्यवर्धित कर जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला. देशांतर्गत कर्जाच्या फेररचनेत सरकारी रोख्यांवरील तोटा कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या माथी मारला गेला. बँका वगळण्यात आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुर कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले खरे, परंतु डाव्या परंपरेतील या नेत्यालाही त्याच कराराच्या चौकटीत राज्यकारभार हाती घ्यावा लागला.

यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा: धान्याची मदत आवश्यक आहे, पण ती कर्जमाफीचा आणि शिधावाटपाचा पर्याय होऊ शकत नाही. सावकाराचे पाट उघडे ठेवून तांदळाचे जहाज पाठविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. संकटग्रस्त देशाला दिलेले धान्य कर्ज नव्हे तर देणगी असावे. ते वंश, धर्म वा पक्ष न पाहता, तेथील सार्वजनिक वा सहकारी यंत्रणेमार्फत, आणि ती विश्वासार्ह नसेल तर जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थेमार्फत वाटले जावे. २०२२ साली पाकिस्तानच्या भूमीवरून अफगाणिस्तानला गहू पाठविताना आपण तसे केलेही आहे. धान्य परदेशी जाईल ते आपल्या शेतकऱ्याला हमीभाव देऊन खरेदी केलेले असावे. निर्यातबंदीच्या काळात अन्नासाठी आयातीवर अवलंबून असलेल्या गरीब देशांचा ठराविक कोटा आधीच राखून ठेवावा. त्यांना विनवण्या करावयास लावू नये. २००७ साली करार झालेली सार्क अन्नपेढी २०२२ च्या संकटात कोणाच्या कामी आली नाही. ती चालती करण्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. आणि भारत ज्या देशांचा धनको आहे, तेथे जनतेचे जेवण आधी आणि रोखेधारकांचे व्याज नंतर, ही भूमिका त्याने उघडपणे मांडावी.

शेवटचा धडा मात्र आपल्या घरासाठी आहे. आज ८० कोटींहून अधिक भारतीयांना कायद्याने शिधा मिळतो. ‘धान्याऐवजी थेट खात्यात रोख रक्कम द्या’ असा सल्ला देणारे तज्ज्ञ दर काही महिन्यांनी पुढे येतात. १९७९ साली श्रीलंकेतही कुपने अशाच युक्तिवादाने आली होती. रक्कम गोठते, भाव गोठत नाहीत, हे त्या देशाने चाळीस वर्षे भोगले. आपल्या गावातील स्वस्त धान्य दुकानाचे रक्षण करणारा कार्यकर्ता आणि कोलंबोला विनाअट तांदूळ पाठवा म्हणणारा कार्यकर्ता यांच्यात विरोध नाही. तो एकच कार्यकर्ता असला पाहिजे. यापुढे असे जहाज निघेल तेव्हा त्याचे स्वागत अवश्य करावे. पण तांदळाच्या पोत्यांबरोबर कोणते करार आणि कोणत्या अटी चालल्या आहेत, हा प्रश्न त्याने प्रत्येक जिल्ह्यात उभा करावा.